पुढची जागा मोकळी आहे

बेइशेनच्या व्होल्गाला उन्हाळ्यातला चढ सोसत नसे. इंजिन तापलं की नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी उचकी लागल्यासारखी गचके खात उभी राहायची. मग इंजिनातल्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघत बसायचं. असल्याच उपायांवर त्याने ती गाडी उभा जन्म चालवली होती. पंपाचं गास्केट त्याने जुन्या बुटाच्या चामड्यातून कापलेलं होतं आणि वायपर दुसऱ्याच कुठल्या ट्रकचे होते. बॉनेटवरचं उडी घेतलेलं हरीण तेवढं मूळचं. ते तो रोज सकाळी बाहीने पुसायचा.

काराकोल ते बालिकची, सरोवराच्या काठाकाठाने, आयुष्यभर त्याने प्रवासी वाहिले होते. आता गिअर टाकताना खांदा दुखायचा. बालिकचीला दिलेली मुलगी, बुरुल, फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, पुरे झालं आता. गाडी विका आणि इकडे येऊन नुसते बसा."

नुसतं बसायचं. या कल्पनेनेच बेइशेनला झोप यायची. गाडी कुणातरी जीव लावणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच आता त्याच्या मनात होतं.

त्या दिवशी तो आणि बायको साकिन तिच्या गुडघ्याची औषधं घेऊन परत येत होते. पाय लांब करता यावा म्हणून साकिन मागच्या बाकावर बसली होती. चढावर गाडी थांबली ती नेमकी एका गावाच्या कबरस्तानाच्या फाटकासमोर. मातीचे छोटे घुमट, वाळलेलं गवत, बाजूला पाण्याचा पाट. बेइशेनने दारं उघडी टाकली, पाटातून पाणी आणलं, फडकं भिजवलं. इंजिन निवल्यावर उजव्या, चालकाच्या शेजारच्या जागेच्या दाराशी उभा राहून तो सवयीने ओरडला, "कोण राहिलंय? चला, बसा! पुढची जागा मोकळी आहे!"

प्रत्येक थांब्यावर तो हेच ओरडत आला होता.

"अहो, शुद्धीवर आहात का?" साकिन मागून म्हणाली. "कुठे उभे आहात ते तरी बघा. कुणाला बोलावताय?"

"जिभेची सवय गं," तो हसला. मेलेल्यांसाठी दुवा मागत त्याने तळवे चेहऱ्यावरून फिरवले, दार लावलं आणि गाडी सुरू केली.

पुढच्या वळणावर गाडी उजवीकडे ओढ घेऊ लागली. घरी येऊन पाहिलं तर पुढची उजवी बाजू चार बोटं खाली बसलेली.

"स्प्रिंग गेली," प्रोखोर म्हणाला. प्रोखोर म्हणजे काराकोलचा जुना मिस्त्री, बेइशेनचा मित्र. "तुझी गेली, माझी गेली, हिचीही जायचीच. म्हाताऱ्यांनी तक्रार करू नये."

त्याने स्प्रिंग बदलली. गाडी जॅकवरून खाली आली आणि पुन्हा उजवीकडे बसली. त्याने रबराची चकती घातली. पुन्हा तेच. प्रोखोरने टोपी काढून डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.

थंडी पडू लागल्यावर आणखी एक गोष्ट बेइशेनच्या ध्यानात आली. सकाळी समोरच्या काचेवर आतून वाफ धरायची, पण फक्त उजव्या अर्ध्या भागात. तो फडक्याने पुसायचा. दोन वळणं जात नाहीत तोच ती पुन्हा धरायची, पातळ, मग दाट, मग पातळ. श्वासाच्या चालीने. त्याने हे साकिनला सांगितलं नाही. पण पुढे बसायला ती आता तयार होत नसे, अगदी गुडघा बरा असला तरी.

"पत्र्यावर पत्रे ठोकून गाडी जड झालीय," असं प्रोखोरचं मत पडलं, म्हणून दोघे गाडी घेऊन गुरांच्या बाजारातल्या वजनकाट्यावर गेले. काट्यावर रोझा नावाची जाडजूड बाई होती. तिची जीभ बाजारात प्रसिद्ध होती.

"काय काका, हरणाला गिऱ्हाईक मिळालं वाटतं? कातडीसकट विकताय की सोलून?"

"तू तोल गं बाई," बेइशेन म्हणाला आणि खाली उतरला.

रोझा काट्याकडे बघत राहिली. काटा थरथरत होता.

"प्रोखोर काका आत आहेत का?"

"मी हा इथे," प्रोखोर तिच्या मागून म्हणाला.

"मग मागे मेंढी-बिंढी आहे?"

"काही नाही. रिकामी आहे."

रोझाने काच पुसली, काट्यावर बोटाने टिचकी मारली. "लोखंड तोललं की काटा जाग्यावर बसतो. हा बसत नाहीये." तिचा आवाज खाली आला होता. "जिवंत जनावर उभं केलं की असा हलतो."

तोलणावळ तिने घेतली नाही. पुढच्या माणसाला हाक मारली.

गिऱ्हाईक आलं ते बिश्केकहून. मारलेन नावाचा दातांचा डॉक्टर, जुन्या गाड्यांचा वेडा. चांगल्या पँटीनिशी तो गाडीखाली आडवा झाला आणि हरणावरून त्याने इतक्या हळुवार हात फिरवला, की बेइशेनला वाटलं, हाच तो माणूस.

"काका, ही म्हातारी नाही हो, ही राणी आहे," मारलेन म्हणाला. "कललेली असली तरी मला चालेल. करून घेईन सरळ."

त्याने स्वतः फेरी मारून आणली. मग म्हणाला, "आता तुम्ही चालवा. मी शेजारी बसून तिचा आवाज ऐकतो."

तो उजव्या बाजूला बसला. बेइशेनने किल्ली फिरवायच्या आत उठला आणि बाहेर येऊन उभा राहिला. हात कोटाला पुसत होता.

"काय झालं?"

"काही नाही." तो गाडीकडे बघत नव्हता. "गाडी फार सुंदर आहे, काका. पण मी कुणाला उठवून बसत नसतो."

बेइशेनने मग एक दिवस काढला. थकवा हाडांत उतरला होता, तरी जुन्या रस्त्याने निघाला. प्रत्येक थांब्यावर गाडी उभी करायची, खाली उतरायचं, उजवं दार उघडायचं आणि अदबीने म्हणायचं, "उतरायचं असेल तर उतरा, बाबा." कुठे जर्दाळूची झाडं, कुठे बंद दुकान, कुठे नुसता खांब. कबरस्तानाच्या फाटकाशी तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. दार उघडं धरून हात भरून आला.

गाडी वर उचलली गेली नाही.

"हे लेकीच्या घरी न्यायचं नाही," त्या संध्याकाळी तो साकिनला म्हणाला. 'हे' म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही. गाडी प्रोखोरच्या अंगणात, ताडपत्रीखाली सोडायची आणि बालिकचीला भाड्याच्या व्हॅनने जायचं, असं ठरलं.

"सांभाळ तिला," किल्ली देताना बेइशेन म्हणाला.

"माझ्या बायकोला सांभाळलं नाही एवढी सांभाळीन. जा आता, म्हाताऱ्या, रडू नकोस."

व्हॅन दाटीवाटीने भरली होती. साकिन गुडघ्यासाठी पुढे दाराशी बसली, बेइशेनला मागे खिडकीची जागा मिळाली. त्याच्या शेजारी मात्र शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. लोक वाकायचे, बघायचे आणि पुढे सरकायचे.

बुरुलच्या दारात पोचतात न पोचतात तोच फोन वाजला. प्रोखोर आनंदाने ओरडत होता.

"अरे, कधीचा फोन लावतोय! सरळ झाली! तू फाटकाबाहेर पडलास, आणि मी बघतोय तोवर करकर वाजत उठली की रे! आता बोलव त्या दातवाल्याला!"

बेइशेनने फोन खिशात ठेवला.

"आत या ना, बाबा," बुरुल म्हणाली. "थंडीत काय उभे राहिलात?"

खोलीत दारासमोरच्या भिंतीशी तिने वडिलांसाठी नवी जाड गादी घातली होती. मानाची जागा. बेइशेन दाराजवळच टेकला.

"हे काय? वर बसा की. ती तुमची जागा आहे."

"असू दे गं. इथे बरं आहे."

साकिनने गादीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. चहाची किटली तिने लेकीच्या हातातून घेतली आणि पहिली वाटी ओतली. काठोकाठ. पाहुण्याला भरलेली वाटी कुणी देत नाही. देतात ती फक्त निरोपाची, आता निघा म्हणून. छातीवर हात ठेवून तिने ती वाटी रिकाम्या गादीपुढे सरकवली.

"आई, कुणाला?" बुरुलने विचारलं.

"तू रोटी आण."

बुरुल रोटी आणायला गेली. दोघं नवरा-बायको खाली मान घालून बसून राहिले. बाहेर कुणीतरी बोकड ओढत नेत होतं, त्याचा आवाज लांब लांब गेला.

साकिनने मान वर केली तेव्हा वाटी रिकामी होती आणि तिच्या गुडघ्यापाशी परत आली होती, पुन्हा भरण्यासाठी.