केरूबाबांची संमती

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं, तर निदान स्वतःची अब्रू तरी राखली असती.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. नाशिकमधलं एक हॉस्पिटल, नाव सांगत नाही. वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे पावणेचार वाजले होते.

मी संजना. आयसीयूत नर्स आहे, आणि तेव्हा आमच्या रोहिणी मॅडमच्या संशोधनाचं कामही बघायचे. सकाळी पेशंट, दुपारी त्याच पेशंटच्या फाइली. अभ्यास साधा होता. जंतुसंसर्गानं बीपी कोसळलेल्या माणसाला सलाईन भरपूर द्यावं की बेतानं? त्यासाठी तीस पेशंट हवे होते.

बेशुद्ध माणूस संमती कशी देणार? म्हणून आधी घरच्यांना विचारतात. पण पेशंट शुद्धीवर आला की त्याला स्वतःला विचारायचं, असा नियम. तो नाही म्हणाला, की त्याचं नाव अभ्यासातून काढायचं. मग कुणाचं काही चालत नाही.

तिसावे पेशंट केरूबाबा. सुरगाण्याकडचे, पन्नाशी उलटलेले. बेशुद्ध होते तेव्हा त्यांच्या बायकोनं, यशोदाबाईनं, अंगठा दिला होता.

चौथ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. घशातली नळी काढली, पण आवाज पार बसला होता. हाक मारता येईना, म्हणून ते डाव्या अंगठ्यानं पलंगाच्या कठड्यावर वाजवायचे.

टक… टक… टक…

मी गेले.

"ताई, बाईचा अंगठा घेतला तुम्ही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला काय विचारलंच नाय."

"उद्या विचारते हं, बाबा. आज आराम करा."

खरं सांगते, त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं होतं. ते नाही म्हणणार होते. तिसाचे एकोणतीस झाले असते, आणि या तिसांसाठी मी सहा महिने राबले होते.

मी पाठ फिरवली. मागे ते वाजवतच राहिले.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आले, तर बाबांचा सहा नंबरचा बेड रिकामा…

पहाटे हृदय बंद पडलं होतं. सलाईनचा काही संबंध नाही, असं मॅडम म्हणाल्या. मीही स्वतःला तेच बजावलं.

फाइलमधला त्यांच्या संमतीचा कागद मात्र कोरा होता. सोमवारी तपासणीला माणसं येणार होती. 'विचारायचं राहून गेलं' असं खरं लिहिलं असतं, तर काय झालं असतं? बोलणी खाल्ली असती, बस. पण मी पडले हुशार!

रविवारी दुपारी पावणेचारला फाइलींच्या खोलीत मी स्टॅम्प पॅड उघडलं. बाबा जिवंत होते त्या दिवसाची तारीख घातली. पुरुषाचा डावा अंगठा घेतात. म्हणून माझा डावा अंगठा शाईवर दाबला आणि केरूबाबांच्या नावापुढे उठवला.

साक्षीदार म्हणून आमच्या वॉर्डबॉय कारभारी मामांची सही घेतली. त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

"तुम्ही सांगता म्हणजे बरोबरच असंल, ताई," म्हणाले आणि गेले.

खोलीत मी एकटी. चहूबाजूंनी लोखंडी कपाटं.

आणि…

टक… टक… टक…

मी कपाटं उघडून पाहिली. आत फाइली. आवाज थांबला नाही. मग माझं लक्ष खाली गेलं.

माझाच डावा अंगठा टेबलावर वाजत होता.

मी तो उजव्या हातानं घट्ट दाबून धरला, तेव्हा कुठे थांबला. घाबरले आहे म्हणून असं होतंय, असं म्हणत शाई स्पिरिटनं पुसली आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी हजेरीच्या मशीनवर डावा अंगठा ठेवला. लागेना. फोनही त्या अंगठ्यानं उघडेना. कॉम्प्युटरचं बघणारा सनी अंगठा नव्यानं नोंदवायला आला. माझं बोट काचेवर धरलं आणि चटकन हात मागे घेतला.

"मॅडम, बर्फात हात घातला होता का?"

बाकीची नऊ बोटं गरम होती.

त्या दिवशी तपासणी झाली. केरूबाबांची फाइल बिनबोभाट पास झाली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं… पण पावणेचारला अंगठा पुन्हा वाजला.

बारा दिवस काढले. रोज पावणेचारला अंगठा वाजायचा. मी हात खिशात घालून फिरायचे. तेराव्या दिवशी रजा टाकली आणि सुरगाण्याची गाडी पकडली. यशोदाबाईला खरं काय ते सांगून टाकायचं, एवढंच ठरवलं होतं.

ती घरी नव्हती. रेशनच्या दुकानावर भेटली. तिचा अंगठा मशीनवर लागत नव्हता.

"राबून राबून रेघा गेल्या हिच्या," दुकानदार भिकन म्हणाला.

"थांबा मावशी, काच पुसते," म्हणत मी रुमाल काढला. पुसताना माझा डावा अंगठा काचेला लागला.

मशीन वाजलं… टिंग.

भिकननं पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अरे, चुकून केरूचं नाव दाबलं व्हतं मी," तो म्हणाला. "मंग… हे लागलं कसं?"

कार्डावर केरूबाबांचं नाव अजून तसंच होतं. स्क्रीनवर तेच होतं. शेजारी हिरवी खूण.

यशोदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग माझा अंगठा दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून बघितला. तिचे डोळे भरून आले.

"गेले तवा मला आत सोडलं नाय," ती म्हणाली. "काय म्हणायचं व्हतं त्यांना, ताई?"

"नाही म्हणायचं होतं, मावशी," मी रडतच सांगितलं. "मी विचारलंच नाही. त्यांच्या नावावर माझा अंगठा उठवला."

ती रागावेल, हात झिडकारेल असं वाटलं. तिनं सोडला नाही. मीच लाजेनं हात मागे ओढायला गेले.

हात आला नाही.

माझा अंगठा वळला होता… त्यानं तिचं बोट घट्ट धरलं होतं. मी धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. केरूबाबांचं नाव अभ्यासातून काढलं. माझी चौकशी झाली, संशोधनाचं काम गेलं, नर्सची नोकरी कशीबशी राहिली. मला वाटलं, आता मिटलं.

अंगठा अजून माझा झालेला नाही.

महिन्यातून एकदा सुरगाण्याला जाते. यशोदाबाई तो हातात घेऊन ओट्यावर बसते. मी दुसरीकडे बघते. त्या दोघांच्या मध्ये मी कशाला?

संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून शेवटी मलाच उठावं लागतं. उजव्या हातानं तो अंगठा तिच्या बोटावरून सोडवते.

दर वेळी जास्त जोर लावावा लागतो…