अकरावा शेरा

"पाय पुढे करा," ती म्हणाली, आणि त्याने केला!

आता यात चूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा. पुढच्या खोलीत चाकाच्या खुर्च्या सात आणि साध्या खुर्च्या दोन. त्यातल्या एकीवर फायलींचा ढीग, दुसरीचा पाय मोडलेला. आजारी माणसांना खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या फुकट वापरायला देणारी संस्था ती, तिथे धडधाकट माणसाने टेकायचं कुठे? तो बिचारा टेकला चाकाच्या खुर्चीत. आणि आतून टेप घेऊन आलेल्या हिने इकडे बघितलं नाही की तिकडे, थेट गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं.

"अठ्ठेचाळीस. उंच आहात. पायाखालची पट्टी उतरवावी लागेल. दुखतं कुठे?"

"कुठेच नाही."

"अगदी काहीच जाणवत नाही?" तिचा आवाज एकदम हळवा झाला. "बरं... किती दिवसांसाठी हवी खुर्ची?"

"किती दिवस देता?"

"हवे तितके. फक्त परतीची तारीख लिहावी लागते. आमच्या मेट्रनबाई तो रकाना रिकामा ठेवू देत नाहीत."

आणि मग तो उठून उभा राहिला. सरळ, दोन्ही पायांवर, चांगला सहा फूट. ती किंचाळलीच! हातातली टेप सुळ्ळकन आत पळाली.

"माफ करा हं... मी सॉफ्टवेअर दाखवायला आलोय. तुम्ही इतक्या मनापासून माप घेत होतात, की मध्ये बोलवेना."

"अहो, पण... पण तुम्ही पाय पुढे केलात!"

"तुम्ही सांगितलंत म्हणून," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हलला, मग उजवा. हे तिला दिसलं, आणि आपल्याला हे कशाला दिसलं याचाच तिला जास्त राग आला.

खुर्ची नेणाऱ्याचं कार्ड तर काढून झालं होतं. नाव विचारायचं राहिलं होतं, तिथे तिने रागारागाने लिहिलं, 'चाकवाला'. खाली शेरा: 'पाय धडधाकट. माणूस वात्रट.' आणि कार्ड दिलं शेवटच्या खणात भिरकावून.

शेरा लिहिल्याशिवाय तिला चैनच पडत नसे. म्हणून तर सगळे तिला शेरेबाई म्हणायचे. संस्थेला साहित्य देणारे, संस्थेकडून नेणारे, असे तीन हजार लोक तिच्या लाकडी खणांत कार्डांवर बसले होते, आणि प्रत्येकाच्या कार्डावर तिचे बारीक अक्षरातले शेरे. 'दुपारी फोन नको, झोपतात.' 'कुबड्या दिल्या, पण बायकोच्या होत्या. देताना रडले. वर्षाने आपणहून फोन करावा.' पत्र लिहायची वेळ आली की ती आधी शेरा वाचायची.

ही खोड तिला लागली ती घरातून. तिचे बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा याच संस्थेने खाट दिली होती. खाट पोचवायला आलेल्या बाईने विचारलं होतं, "कुठल्या कुशीवर झोपतात? खिडकी त्या बाजूला येऊ दे." बाबांनी शेवटचे आठ महिने खिडकीतून आभाळ बघत काढले. ते एक वाक्य शेरेबाई जन्मात विसरणार नव्हती.

पण आता वेळ आली होती गळ्याशी. चाळीस रुग्ण खाटेसाठी ताटकळत होते, आणि इकडे घरोघरी माळ्यावर खाटा, खुर्च्या धूळ खात पडलेल्या. त्या घरांपर्यंत पोचायचं कसं? संस्थेची पत्रं जायची, पण उघडत कोण होतं! अध्यक्ष मेट्रनबाई पस्तीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड गाजवून निवृत्त झालेल्या. त्यांनी फर्मान काढलं, "लोकांपर्यंत पोचायचं तंत्र आणा. एकदा घेतलं की तीन वर्षं तेच, म्हणून नीट पारखून घ्या. आणि शेरेबाई, शेवटचं मत तुमचं."

चाळणी लावून लावून दोन कंपन्या उरल्या. एका छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर दिसायला अगदी साधं, पावसात धुतलेल्या पाटीसारखं. दुसरं चाकवाल्याचं. ते रंगीत, हुशार, योग्य माणसाला योग्य वेळी आपणहून संदेश धाडणारं.

"माझे शेरे मावतील ना त्यात?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मावतील की!" तो म्हणाला होता. बेधडक.

मग महिनाभर तो येत राहिला. तुमचं काम समजून घ्यायचंय, म्हणे! आला की आधी त्या सात खुर्च्यांपैकी एकीत बसायचा आणि चाकं ढकलत ढकलत थेट तिच्या टेबलापर्यंत.

"साधी खुर्ची घ्या की. मिस्त्रीकाकांनी पाय बसवलाय तिचा."

"नको. हिच्यात बसलो की तुम्ही माझ्याकडे जरा तरी मायेने बघता."

"मायेने? मी खुर्चीकडे बघते. आमची वस्तू आहे, मोडाल."

"असं? मग खुर्चीला विचारतो, चहा घेणार का."

तिला हसू यायचं, ते ती खणात तोंड घालून लपवायची. चहात तो साखर दोन चमचे घ्यायचा आणि विचारलं तर एक सांगायचा. डाव्या बुटाची टाच जास्त झिजली होती. एकदा बोलता बोलता म्हणाला, की कंपनीत तो अजून कच्चा, उमेदवारीवर. हे पहिलं काम मिळालं तर पक्का, नाहीतर... नाहीतर काय ते त्याने सांगितलं नाही, चहा ढवळत बसला. तो गेला की शेरेबाई शेवटचा खण उघडायची आणि त्या वात्रट कार्डावर एक ओळ वाढवायची. कशाला? सवय! दुसरं काय!

एक दिवस दुरुस्तीखात्याचे मिस्त्रीकाका हातात पाना घेऊन दारातच थबकले. "पोरी, सहा वर्षं तू दाराकडे पाठ करून बसतेस. आज टेबल फिरवलंस?"

"उजेड येतो इकडून," ती म्हणाली.

"येतो, येतो. मंगळवार-शुक्रवारी जरा जास्तच येतो," काका म्हणाले आणि निघून गेले.

समितीसमोर दाखवायला खरी माहिती हवी, म्हणून चाकवाल्याने एक खण मागितला. तिने हाताला आला तो दिला. शेवटचा. कंपनीतल्या लोकांनी त्यातलं कार्ड न् कार्ड टाइप करून भरलं, आणि खण जसाच्या तसा परत आला. त्या खणात काय होतं ते हिच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. तीन हजार माणसांची झोपायची कूस लक्षात ठेवणारी बाई, आणि नेमकं हेच विसरली!

शुक्रवारी समिती बसली. मेट्रनबाई, मिस्त्रीकाका, आणखी चौघं. भिंतीवर मोठा पडदा. साध्या कंपनीचा माणूस दाखवून गेला होता, त्यात शेरे अख्खेच्या अख्खे दिसले होते. आता चाकवाला उभा होता, आज पहिल्यांदाच इस्त्रीच्या शर्टात.

"आणि आता गंमत बघा," तो म्हणाला. "तुमच्या संस्थेचा सर्वात जिव्हाळ्याचा माणूस कोण, हे आमचं सॉफ्टवेअर आपणहून ओळखतं. ज्याच्यावर तुम्ही सर्वात जास्त शेरे लिहिलेत, तो सर्वात वर."

त्याने बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'नाव: चाकवाला. दिलेलं साहित्य: काही नाही. नेलेलं साहित्य: काही नाही. शेरे: अकरा.'

शेरेबाईला आता आठवलं, त्या खणात काय होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं... पण धरणी कसली घेतेय!

"कोण हे गृहस्थ?" मेट्रनबाईंनी चष्मा चढवला, आणि सकाळच्या राउंडला रुग्णाचा कागद वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचू लागल्या. "'पाय धडधाकट. माणूस वात्रट.' हं. 'चहात साखर दोन. विचारलं तर एक सांगतो.' 'हसताना डावा गाल आधी हलतो.' 'डाव्या बुटाची टाच झिजलीय, काकांना दाखवावी.' 'आजही इस्त्री नव्हती. तरी बरा दिसला'..."

चाकवाल्याने आ वासला होता. कान लालबुंद! तो पडद्याकडे बघे, मग हिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्याने तो खण उघडूनही बघितला नव्हता, हे कुणालाही शपथेवर सांगता आलं असतं. मिस्त्रीकाकांना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना.

"अकरावा," मेट्रनबाई म्हणाल्या. "'हा ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मला'... आणि पुढे तीन टिंबं. पुढे काय?"

मिस्त्रीकाकांचा खोकला एकदम थांबला.

"पुढे काय, विचारतेय मी."

"पुढचं..." चाकवाल्याने पुन्हा पुन्हा बटण दाबून बघितलं. "पुढचं दिसत नाहीये. शेऱ्याला एकच ओळ आहे बहुतेक. त्यापुढचं कापलं जातं."

शेरेबाईने मान वर केली. लाज कुठल्या कुठे पळाली. कापलं जातं? मग त्या कुबड्या देताना रडलेल्या आजोबांचं काय? 'कुबड्या दिल्या, पण बायकोच्या'... आणि तीन टिंबं?

"वाढवता येईल?" मेट्रनबाईंनी विचारलं.

आता नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या एका 'हो'मध्ये त्याची नोकरी होती. त्याने तिच्याकडे बघितलं.

"नाही. आमच्यात ती सोयच नाही. मी यांना पहिल्या दिवशी मावतील म्हणालो होतो, न बघता. चुकलं माझं."

"शेरेबाई, मत?"

ती उभी राहिली. हो म्हटलं तर हा पक्का होणार, रोज येणार. नाही म्हटलं तर... पण ती खिडकी, ते आभाळ...

"नको," ती म्हणाली. "यांचं नको. दुसरं घेऊ. दिसायला साधं आहे, पण त्यात माणूस अख्खा मावतो."

तो मुकाट्याने वायरी गुंडाळायला लागला. जाताना चाकाची खुर्ची परत रांगेत लावली, आणि गेला. शेरेबाई खणांच्या खोलीत गेली आणि दार लावून पोटभर रडली.

सोमवार गेला. मंगळवारी तिने टेबल पुन्हा फिरवलं, दाराकडे पाठ. उगाच कशाला उजेड!

आणि मागून चाकांचा आवाज आला. कुईं... कुईं...

"ती खुर्ची दुरुस्तीची आहे," ती न वळताच म्हणाली.

"माझं पण तसंच आहे. कंपनीने आणखी तीन महिने उमेदवारीवर ठेवलंय. आणि एक फॉर्म भरून आणायला सांगितलाय, ग्राहक हातचा का गेला म्हणून. विचारू?"

"...विचारा."

"उत्पादनात काय कमी वाटलं?"

"ओळ."

"प्रतिनिधीची वागणूक?"

"वात्रट. पण..." ती वळली. "पण खरं बोलतो. अंगाशी आलं तरी."

त्याचा डावा गाल हलला. "मी चार दिवस झोपलो नाहीये, बाई. 'त्या दिवशी मला'... काय? राग येतो? हायसं वाटतं? ताप भरतो? पुढचं वाक्य सांगा, मग हवं तर हाकलून द्या."

तिने शेवटचा खण उघडला, कार्ड काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. तो वाचू लागला. 'हा ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मला दाराकडे पाठ करून बसवत नाही. शुक्रवारी समिती झाली की याचं येणं संपेल. मग मी काय करू? आवडतो मला.'

त्याने दोनदा वाचलं. मग कार्ड छातीशी धरून नुसता बसून राहिला. डोळे भरले होते त्याचे! तिला धक्काच बसला. सहा फुटांचा माणूस, आणि एवढ्याशा शेऱ्यावर...

"मला तर तुम्ही पहिल्याच दिवशी आवडलात," तो म्हणाला. "नाहीतर कोण पाय पुढे करतं?"

"अगंबाई..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिने डोळे पुसले, पेन उघडलं आणि रोज दहा जणांना विचारायची तसं विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"किती दिवस देता?"

"रकाना रिकामा ठेवायचा नाही हं!" मेट्रनबाई दारात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे, आणि त्यांच्यामागे पाना घेतलेले मिस्त्रीकाका.

"नाही ठेवत, बाई," शेरेबाई म्हणाली. तिने कार्ड टेबलावर सरळ केलं, आणि परतीच्या तारखेचा रकाना या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडून टाकला.