चौथ्या पानाचा कोपरा

"शिक्का माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला. म्हणूनच सगळे म्हणतात, मीच केलं," ताई म्हणाल्या आणि छातीशी धरलेल्या वहीवर डोकं टेकून रडू लागल्या.

भावजी चरकले. वहिनींच्या दारात बरीच माणसं रडून गेली होती, पण वहीला मिठी मारून रडणारं कोणी त्यांनी पाहिलं नव्हतं. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. धाकटे दीर भावजी त्यांची पिशवी धरत आणि न चुकता चुकीचे अंदाज बांधत.

ताई कापड रंगवायच्या कारखान्यात दफ्तर सांभाळायच्या. कोणत्या यंत्रापाशी कोणतं सूचनापत्र लावायचं, ते कधी रद्द झालं, हे सगळं त्यांच्याकडे. महिन्यापूर्वी बंद टाकीची सूचना बदलली. आधी वाफ थांबल्यावर पाच मिनिटांनी झाकण उघडायचं, आता वीस मिनिटं थांबायचं होतं. चार दिवसांपूर्वी एका कामगाराने पाचव्या मिनिटाला झाकण उघडलं आणि वाफ थेट तोंडावर आली. त्याच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी होती. टाकीशेजारच्या प्लास्टिकच्या पाकिटात निघालं ते जुनंच पान, प्रत क्रमांक चार, जांभळ्या शिक्क्यासकट.

"जुनं पान हातात आल्याशिवाय मी नवं देतच नाही," असं म्हणत ताईंनी वही उघडली. परत आलेल्या पानाचा शिक्क्याचा कोपरा कापून त्या वहीत चिकटवायच्या आणि बाकीचं पान यंत्रात घालून त्याचा भुगा करायच्या. जुन्या प्रती सहा होत्या आणि वहीत कोपरेही सहा होते. चौथाही होता.

म्हणजे एकाच पानाचे दोन कोपरे. मॅनेजरांचं म्हणणं, ताई चौथं पान बदलायला विसरल्या आणि अपघातानंतर त्यांनी खोटा कोपरा चिकटवला. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही तर नोकरी जाणार होती आणि पोलिसांत तक्रारही होणार होती.

भावजींनी वही निरखली. गोंदाच्या ओलीने शिक्क्यांची शाई पसरली होती. "चौथा तेवढा नेटका बसलाय हो," त्यांनी ताईंना धीर द्यायला म्हटलं. वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की आपण पुन्हा भलतंच बोललो, अशी त्यांची खात्री झाली.

कारखान्यात मॅनेजरांच्या भिंतीवर रंगवलेल्या कापडाच्या रोजच्या खेपांचा फळा होता. एका टाकीत एका पाळीला नऊ खेपा, महिनाभर रोज नऊ. वहिनींनी विचारलं, त्याआधी किती व्हायच्या? नऊच, मॅनेजर अभिमानाने म्हणाले. पाळीही तीच, टाकीही तीच.

मग त्या टाकीचा फोरमन आला. जखमी कामगार त्याचा सख्खा धाकटा भाऊ. तो दवाखान्यातून भावाला घास भरवून तडक आला होता. ताईंनी माझी नुसती सही नेली, नवं पान दिलंच नाही, असं त्याने सांगितलं. त्याचा आवाज इतका भरून आला की भावजींचेही डोळे पाणावले. मनातल्या मनात त्यांनी ताईंना दोषी ठरवूनही टाकलं.

वहिनींनी मात्र पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं. ओलं बोट मॅनेजरांच्या टेबलावर ठेवलेल्या, टाकीपाशी सापडलेल्या पानाच्या शिक्क्यावर फिरवलं, तर जांभळा डाग पसरला. मग वहीतल्या चौथ्या कोपऱ्यावर फिरवलं. शिक्का ढिम्म हलला नाही.

"हा शिक्का नाही, ही रंगीत झेरॉक्स आहे," त्या म्हणाल्या. "भावजींना तो नेटका दिसला, कारण गोंदानेही तो पसरला नाही. आता सांगा, खरा शिक्का जिच्या कपाटात, ती शिक्क्याची झेरॉक्स कशाला काढेल? खोटा कोपरा करायचाच असता, तर ताईंनी कागदावर खरा शिक्का मारला असता. ज्याच्याकडे शिक्का नव्हता, त्याने हे केलं. ताईंना झेरॉक्स परत दिली आणि खरं जुनं पान टाकीवर ठेवलं."

"पण का?" भावजींनी विचारलं.

"खेपेमागे पंधरा मिनिटं वाढली, नऊ खेपांना सव्वादोन तास. तरी फळ्यावर नऊच. म्हणजे नवी सूचना टाकीपाशी एक दिवसही पाळली गेली नाही. मॅनेजरसाहेबांनी हा हिशेब केला नाही, कारण नऊ बघून त्यांना बरं वाटत होतं. आणि चौथं पान ताईंकडे आलं ते एकाच हातातून."

भावजींनी फोरमनकडे पाहिलं. घास भरवणारा तो हात त्यांच्या समोरच होता.

फोरमनने नाही म्हटलं नाही. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "झेरॉक्स आणायला मी धाकट्यालाच पाठवलं होतं," तो म्हणाला. "त्याने विचारलं, दादा, ही कशाला? मी म्हटलं, गुपचूप आण. मी सांगितलं म्हणून तो पाचव्या मिनिटाला झाकण उघडायचा. ताईंनी नवं पान दिलंच नाही असं समजून आता पडल्या पडल्या त्यांना शिव्या देतो. मी ऐकून घेतो."

 भावजींना रागावायचं होतं, पण राग येईचना. मॅनेजर घसा साफ करून म्हणाले, ताई, उद्यापासून कामावर या. ताईंनी डोळे पुसले आणि ते लेखी मागितलं.

फोरमन दाराकडे वळला. वहिनींनी त्याला कुठे निघालास म्हणून विचारलं.

"उद्या त्याची पट्टी काढणार आहेत. दिसेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. त्याला आजच सांगायला हवं. उद्या त्याने माझ्याकडे बघितलं, तर माझ्याच्याने सांगवणार नाही."