भरल्या गाडीचं दुखणं

घाट चढताना मधेच मधमाश्यांनी गोंधळ घातला. पिकअपच्या हौद्यात पेट्या ठेवल्या होत्या. पुढच्या पेट्यांमधल्या माश्या शहाण्यासारख्या बसल्या होत्या, मागच्या चाकांवरच्या पेट्यांमधल्या मात्र जाळीपाशी गोळा होऊन जिवाच्या आकांताने पंख हलवत होत्या. पेटी तापली की माश्या असा वारा घालतात, हे मिथिलाला ठाऊक होतं. पण थंडीतल्या सकाळी नेमक्या मागच्याच पेट्या का तापाव्यात? शिवाय काहीतरी करपल्याचा वास येत होता.

आजोबांनी सपाट जागा बघून गाडी थांबवली. ते कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे). घाटापलीकडे कांद्याच्या बियाण्याची शेतं फुलली की माश्या तिकडे नेऊन सोडायच्या, हा त्यांचा दरवर्षीचा उद्योग, आणि शेजारच्या सीटवर मिथिला ठरलेली. आता बाकी सगळ्यांच्या गाड्या विजेवर आणि आपल्या आपण चालत. त्यांची ही डिझेलची म्हातारी तेवढी हट्टाने उरली होती. बाबांनी मात्र या वेळी निक्षून सांगितलं होतं, की पुन्हा वाटेत बिघडली तर गाडी भंगारात जाईल आणि पेट्या शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या विनाचालक गाडीतून जातील. त्या गाडीत माणसाला बसायला जागाच नव्हती. म्हणजे आजोबा घरी आणि मिथिलाही घरी.

बोलावल्यावर घाटातला दुरुस्ती-यंत्रमानव आला. त्याचं नाव पान्या. हात लावू नका, असं आधी बजावून त्याने उष्णता दिसणाऱ्या डोळ्याने चाकं न्याहाळली. पुढची बेताची गरम, मागची दोन्ही सारखीच रसरसलेली. “ब्रेक तापलेत,” तो म्हणाला.

मिथिलाने विचारलं, की चढावर ब्रेक कोण मारतं? मग ते तापले कसे? पान्याने तिला तळहात एकमेकांवर घासायला लावले. हात गरम झाले. हे घर्षण (दोन पृष्ठभाग एकमेकांना घासणं). मागच्या चाकात लोखंडी ड्रम असतो आणि आत ब्रेकचे लायनर (घासण्यासाठी बसवलेल्या जाड पट्ट्या). ब्रेक लावला की लायनर ड्रमला घासतात, चाकाची गती कमी होते. ती गती हवेत विरत नाही, तिची उष्णता होते. म्हणजे पायाने ब्रेक न दाबताही कोणीतरी लायनर ड्रमला टेकवून ठेवत होतं. दोन्ही चाकं सारखीच तापली, तेव्हा खोड बहुधा दोघांच्या सामाईक भागात असणार.

माश्यांना गारवा मिळावा म्हणून पेट्या झाडाखाली उतरवल्या. ब्रेक निवल्यावर पान्याने गाडीचा सांगाडा उचलून मागची चाकं अधांतरी केली. चाक हाताने फिरवलं, भिरभिर फिरलं. ब्रेक दाबून सोडला, तरी फिरलं. म्हणजे ब्रेकच्या तेलाचा दाब अडकून राहत नव्हता. हँडब्रेक ओढून सोडला, तरीही फिरलं.

“दोष सापडत नाही,” पान्या म्हणाला.

आजोबांनी गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि बाबांना फोन लावायला घेतला. मिथिलाला रडूच कोसळणार होतं. तिने तोंड फिरवलं, तर समोर झाडाखाली पेट्या आणि इकडे रिकामा हौदा.

“आजोबा, थांबा. ताप आला तेव्हा गाडी भरलेली होती. आपण तपासली रिकामी.”

पान्याचे दिवे क्षणभर लुकलुकले. मग त्याने गाडी खाली घेतली आणि या वेळी सांगाड्याऐवजी आसाखाली (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली) भक्कम टेकू लावले, म्हणजे चाकं अधांतरी राहतील आणि हौद्यातलं वजन मात्र आसावर पडेल. “मी चारशे किलोचा आहे,” असं म्हणून तो स्वतःच हौद्यात चढून बसला. गाडी मागून कण्हत खाली दबली. मिथिलाने चाक फिरवलं, तर ते खर्रर्र करून अडलं.

खाली वाकून बघितलं तर हँडब्रेकची केबल ताठ झाली होती. पान्याने मिथिलाला एक लवचीक काडी कमानीसारखी वाकवून, एक टोक धरून वरून दाबायला सांगितलं. कमान सपाट झाली तसं दुसरं टोक मागे सरकलं. गाडीखालचे पाटे (ओझं झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या) असेच कमानीचे असतात. ओझ्याने ते सपाट होतात आणि चाकांना थोडं मागे ढकलतात. केबलचं एक टोक मात्र पुढे बांधलेलं. तिच्यात ढील नसेल, तर ओझंच हँडब्रेक ओढतं.

“केबल आवळली कोणी?” पान्याने विचारलं.

“मी,” आजोबा म्हणाले. “संक्रांतीला उतारावर गाडी हातभर घरंगळली. आत ही एकटी बसली होती. माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. रिकाम्या गाडीतच आवळली, आणि आवळतच राहिलो.”

मिथिला तर तो प्रसंग विसरूनही गेली होती. ती आजोबांना बिलगली, हातांच्या काळ्या तेलासकट.

पेट्या पुन्हा चढवल्यावर पान्याने गाडी भरलेली असतानाच केबल जरुरीपुरती सैल केली, लायनर किती झिजलेत ते तपासलं आणि उतारावर हँडब्रेक नीट धरतो याची खात्री करून घेतली. मग राज्यभरातल्या सगळ्या दुरुस्ती-यंत्रमानवांना त्याने निरोप पाठवला, की दुखणं ज्या स्थितीत होतं त्याच स्थितीत तपासा. खाली शोधकर्तीचं नावही लिहिलं, मिथिला.

आजोबांनी बाबांना फोन केला आणि गाडी बिघडल्याचं सरळ सांगितलं. कारणही सांगितलं. मग बाबांनी फोन मिथिलाला द्यायला सांगितला.

“आजोबांच्या शेजारी बसणार ना?” त्यांनी विचारलं. “मग पुढच्या वर्षीही गाडीची काळजी तुझ्याकडे.”