अकरा बुड्या

मुर्नी घसरली ती नेमकी निळीच्या रांजणाशी.

"अहो, रांजण! रांजण सांभाळा!" कुणीतरी ओरडलं आणि त्याच क्षणी एका ओल्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं. सकाळपासून पाऊस भुरभुरत होता, अंगणातल्या दगडांवर शेवाळ चढलं होतं. टोपली कलंडली, सुताच्या लडी बाहेर आल्या. पण रांजण वाचला, आणि मग मुर्नीही वाचली. कोण आधी वाचलं, ते मात्र तिच्या चांगलंच लक्षात राहिलं.

"माणूस पडतंय, आणि तुम्हाला रांजणाची काळजी?"

"माणूस आपलं आपण उठतं," तो म्हणाला. "रांजण उलटला तर आजी मला उलटा टांगेल."

असेल पंचविशीचा. उघडे खांदे पावसानं भिजलेले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळे... अगदी नखांच्या मुळापर्यंत निळे. मुर्नीनं घाईघाईनं नजर खाली वळवली.

"निळीवाल्या आजी कुठायत? आमच्या आत्यानं त्यांच्याकडे पाठवलंय."

"आजीचे डोळे गेले. ती आता आत बसून वास घेते, रांजण तयार आहे की नाही ते सांगते. हात माझे बुडतात. मी विर्ता, तिचा नातू. पुरुषाचा हात चालत नसेल तर लडी परत न्या."

"चालेल," मुर्नी म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली. मग घसा खाकरून... "पण आधी हा सोडा."

तिचं मनगट अजून त्याच्या हातात होतं.

आता मुर्नीच्या गावाची गोष्ट सांगायला हवी. डोंगरातलं तेंगुलान दुहेरी विणीच्या कापडासाठी प्रसिद्ध. ताण्याच्या आणि बाण्याच्या, दोन्ही सुतांवर आधी हजारो गाठी मारायच्या, मग रंगवायचं, मगच मागावर चढवायचं. एका कापडाला चार-चार वर्षं जातात. हे कापड अंगावर असलं की रोगराई शिवत नाही म्हणतात. पण त्याच तेंगुलानात नीळ चालत नाही. का चालत नाही, ते कुणाला ठाऊक नाही, विचारायची कुणाची छाती नाही. लाल रंग गावात करायचा आणि निळ्यासाठी लडी घेऊन समुद्राकाठच्या पसिरानला जायचं. सूत वाळल्यावरच परत आणायचं. निळा हात घेऊन गावच्या दरवाजातून आत पाऊल टाकायचं नाही.

पसिरानची मुलं तेंगुलानच्या मुलींकडे पाहतसुद्धा नाहीत, त्यालाही कारण होतं. गावाबाहेर लग्न केलेल्या मुलीचं नाव मुलींच्या मंडपात तीनदा पुकारतात. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही, की ती गावाची उरत नाही. मग तिला ना मागावर जागा, ना सणाच्या झोपाळ्यावर... मेल्यावर गावच्या मातीतही नाही. मुर्नी सात वर्षांची असताना एकदा असं नाव पुकारताना तिनं ऐकलं होतं. तिसऱ्या हाकेनंतरची ती शांतता ती अजून विसरली नव्हती.

त्या दिवशी लडी तिथंच वाळायला सोडून ती लगेच परत निघाली आणि टेम्पोत खिडकीशी बसली. वारा लागत होता. सहज तिचं लक्ष मनगटाकडे गेलं. तिथं काहीतरी हिरवट, पिवळट होतं... मग तिच्या डोळ्यांदेखत ते निळं होत गेलं. चार बोटं आणि एक अंगठा.

नीळ रांजणातून हिरवी निघते आणि वारा लागला की निळी होते, हे तिला शेंबड्या वयापासून माहीत होतं. पण रांजणातून नुकताच निघालेला हात आपलं मनगट धरील, असं कुणाच्या ध्यानीमनी असणार?

"थांबवा! मला इथंच उतरायचंय!"

ती वटवाघळांच्या देवळाशी उतरली. समुद्राच्या रस्त्यावरचं फार जुनं देऊळ ते. मागं काळीकुट्ट गुहा, तिच्या छताला हजारो वटवाघळं लोंबत असतात आणि त्यांचा किचकिचाट कधी थांबत नाही. देवळाच्या नळाखाली तिनं वाळू घासली, राख घासली, कुणाच्या तरी पूजेतलं लिंबूसुद्धा घासलं आणि मग देवाची माफी मागितली. कातडी लाल झाली. बोटं निळीच राहिली.

शेवटी मनगटाला चिंधी बांधून ती गावात शिरली.

रिंदी आत्या ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिचा गुडघा सुजला होता, म्हणूनच यंदा मुर्नीला पसिरानला जावं लागलं होतं. आईवेगळी पोर आत्यानंच वाढवली होती. आत्याचं लग्न झालं नव्हतं; तिच्याइतका नेटका विणणारा हात सगळ्या तेंगुलानात नव्हता.

"मनगटाला काय झालं?"

"केवड्याचा काटा लागला."

"हं," आत्या म्हणाली, आणि गुडघा चोळू लागली. त्या 'हं'नं मुर्नीला रात्रभर झोप आली नाही.

डाग पाच दिवसांनी गेला. भीती मात्र मुक्कामालाच आली.

खरं तर रांजणातल्या तीन बुड्यांत काम होतं. प्रत्येक बुडीनंतर सूत वाळवायचं, घरी नेऊन गाठी तपासायच्या आणि पंधरवड्यानं पुन्हा न्यायचं. तिसऱ्या वेळी विर्तानं लडी उन्हात धरली. "झालं तुमचं काम. रंग बसला."

"फिका वाटतोय," मुर्नी म्हणाली.

"कुठं?"

"इथं... आणि हे बघा, इथंही."

त्यानं लडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डोळे माझ्या आजीचे गेलेत. तुमचे कधी गेले?"

"तुम्हाला बुडी द्यायची नसेल तर तसं सांगा."

"देतो की. शंभर देतो," तो हसला. आतून आजीचा आवाज आला, "विर्ता! रांजण हसतोय की तू?"

चौथी बुडी झाली, सहावी झाली. आता तो 'तू' म्हणू लागला. ती अजून 'अहो'वरच होती.

"आमच्याकडे मुली 'ब्ली' म्हणतात."

"थोरल्या भावाला."

"भावालाही म्हणतात," तो लडी पिळत म्हणाला, "आणि ज्याला भाऊ मानायचं नसतं, त्यालाही."

मुर्नी कानापर्यंत लाल झाली. "रांजणाकडे लक्ष द्या. उलटेल."

प्रत्येक परतीच्या वाटेवर ती आधी हात बघायची, मग कोपर, मग पदर. घरात शिरताना आत्याचे डोळे आपल्यावर आहेत की नाहीत, तेही बघायची. ते नेहमी असायचे.

नवव्या बुडीला मुसळधार पाऊस झाला, टेम्पो बंद पडले. विर्तानं तिला स्कूटरवर बसवलं. वटवाघळांच्या देवळापाशी पाऊस इतका वाढला, की दोघं आडोशाला शिरली. समोर समुद्र दिसत नव्हता, मागं गुहेत किचकिचाट चालला होता. मुर्नी थरथरत होती, पण थंडीनं नव्हे.

"माझी इतकी भीती वाटते?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमची नाही..."

"मग?"

"माझं नाव पुकारतील," ती म्हणाली. एकदा बोलली आणि मग थांबेना. "तीनदा. आणि आत्या तिथं खाली मान घालून बसलेली असेल. माझं पहिलं कापड आहे हो हे! ते मागावर तसंच पडेल. मला त्या हाकांची फार भीती वाटते."

त्यानं हात पुढं केला, मध्येच थांबला, मागं घेतला. हात निळा होता. "मी तुला काही मागणार नाही," तो म्हणाला. "तुझं गाव जाईल असं मी कसं मागू? फक्त... फिका वाटला रंग, तर येत जा."

तेवढ्यात देवळाच्या पायऱ्यांवरून छत्री उतरली. छत्रीखाली पूजेची टोपली, आणि टोपलीखाली तेंगुलानची मेस्ती काकी... जिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावच्या कुत्र्यांनाही कळते.

"रिंदीची भाची ना गं तू?" मेस्तीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. "बरं बरं. पाऊस आहे म्हणायचा," आणि ती निघून गेली.

घरी कुणी काही बोललं नाही. दहावी बुडी झाली, अकरावी झाली, तरी कुणी काही बोललं नाही. या गप्प राहण्यानंच मुर्नी अर्धी झाली.

अकराव्या बुडीच्या संध्याकाळी आत्यानं हाक मारली. तिच्या मांडीवर लडी होती. शेजारी लाल रंगात बुडवून पाहिलेला एक पुंजका होता.

"निळ्यावर लाल चढला की तपकिरी-काळा येतो," आत्या म्हणाली. "हा बघ. कोळसा झालाय. किती बुड्या दिल्यास?"

"तीन... चार."

"मुर्नी, चाळीस वर्षं मी रंग बघतेय. अकरा."

 मुर्नी मटकन खाली बसली.

"पौर्णिमेच्या सभेत मेस्ती बोलणार आहे," आत्या पुढं म्हणाली. "उद्या पौर्णिमा. तू सांगणार आहेस, की तुझं दुसरी कुणी सांगणार?"

"मी जाणार नाही परत. आत्या, खरंच नाही जाणार. मला भीती वाटते."

"कशाची? जायची, की राहायची?"

 मुर्नीच्या डोळ्यांतलं पाणी टपटप लडीवर पडलं.

आत्यानं पेटी उघडून आपलं कापड काढलं. गावातलं सगळ्यांत नेटकं कापड. दर सणाला सगळ्या मुली त्याला हात लावून बघत. "हे तीन बुड्यांचं," ती म्हणाली. "मलाही तेव्हा रंग फिका वाटला होता. पण मी भ्याले. तीन झाल्या आणि घरी आले. कापड चांगलं झालं. त्याला नाव ठेवायला जागा नाही." तिनं घडी परत घातली. "तुझं कापड मी विणून पुरं करीन. तुझं लेकरू वयात आलं, की त्याचे दात कानशीनं घासायचा विधी होईल, तेव्हा त्याच्या डोक्याखाली तेच लागेल. तू आत येऊ शकणार नाहीस. कापडानं बाहेर जाऊ नये, असं कुठं सांगितलंय?"

"आत्या... तुमचा गुडघा? पाणी कोण भरेल?"

"गुडघा पहिल्या महिन्यातच बरा झाला," आत्या म्हणाली. "बरं तुझ्या लक्षात आलं नाही ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुर्नी पसिरानच्या अंगणात उभी होती. हातात टोपली नव्हती. वाटभर तिनं तीनदा मागं वळायचं ठरवलं होतं. विर्ता लडी पिळत होता; तिच्या रिकाम्या हातांकडे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"रंग पुरेसा झाला तर," तो म्हणाला.

"नाही. फिका आहे."

"लडी कुठाय?"

 ती दगडांवरून जपून पावलं टाकत रांजणाशी गेली, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत आत बुडवले.

"अगं, काय करतेस!" तो धावला. "पंधरा दिवस जायचा नाही तो! आज पौर्णिमा, संध्याकाळी तुला दरवाजातून आत..."

"घेणार नाहीत," मुर्नी म्हणाली.  "मी दरवाजाबाहेर उभी राहीन आणि माझं मीच सांगेन. मग पुकारू देत. मला अजूनही भीती वाटतेय हो... माझ्याबरोबर येऊन उभे राहाल?"

तिनं हात बाहेर काढले. ते हिरवे होते. दोघं श्वास रोखून बघत राहिली, आणि वाऱ्यावर ते हळूहळू निळे झाले... त्याच्यासारखे.

आत आजीनं दोनदा नाक ओढलं. "विर्ता, रांजणात कुणी हात घातला रे?"

 विर्तानं मुर्नीचं मनगट धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तिथंच.

"रांजण सांभाळा, ब्ली," मुर्नी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.