आवडीने दिलेली ओ

शके सतराशे नव्वदच्या माघात, विलायतेच्या राणीच्या अमलात, धामणगडाच्या पडक्या बुरुजावर उजाडले, तेव्हा खाली खाडी निवांत होती आणि गडाच्या पोटातली लोखंडी दगडाची खाण कालपासून ढासळून पडली होती. आत दोन जीव अडकले होते: धाकू घाडी आणि त्याचा जोडीदार बुधाजी. बाहेर विसाजी मुकादम बोगद्याचे तोंड चिरे रचून बुजवून घेत होता, आणि एवढी तत्परता त्याने जन्मात दाखवली नव्हती; कारण छताला टेकू दिलेले सागवानी खांब काढून त्याने स्वतःच्या नव्या घराला लावले होते, आणि दुपारी येणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या नजरेस ते पडू नये, हीच त्याची चिंता होती.

"आवडेऽ!" आतून हाक आली. पुन्हा, "आवडेऽ!" मग काहीच नाही.

गवंड्यांचे हात थिजले. धाकूची बायको आवडी समोरच उभी होती. पण खाणीचा शिरस्ता कडक होता: मेलेले खाणकरी दोनदाच हाक मारतात, तिसरी हाक जिवंताची, त्याआधी ओ देणारा वाचत नाही. पहाटेपासून चार वेळा हाका आल्या होत्या, दर वेळी दोनच.

"बाई, धाकूजी गेले. हा त्यांचा आवाज नव्हे," विसाजी हात जोडून म्हणाला. हात जोडणे त्याला फुकट पडत असे.

"मुकादमानू, दगडाखाली पडान तीनदा हाक मारूक दम पुरता काय, ता तुमी आत जावन बघा!" आणि आवडी ओरडली, "ओऽऽ!"

माणसे मागे सरली. तिने एकटीने चिरे उपसले आणि ती आत सरपटत गेली. अंधारात एक हात लागला, थंडगार. त्यावरची धाकूच्या जुन्या जखमेची खूण तिने बोटांनी ओळखली. पलीकडे दुसरा हात उबदार होता. तोच धरून तिने ओढला.

उजेडात आलेला बुधाजी तिच्याकडे बघेना. "माझा कोण आसा, वयनी? माझ्या नावान कोण येतला? म्हणान तुझा नाव घेतलंय."

तिने त्याचे मनगट असे करकचून धरले, की लोकांना वाटले, आता याला परत आत लोटते. मग तिने त्याला पाणी पाजले आणि नवऱ्याला आणायला पुन्हा आत शिरली. या वेळी सारा गाव तिच्यामागे होता.

साहेबाने खांबांच्या रिकाम्या खाचा पाहिल्या. विसाजीचे नवे घर आठवड्यात उतरवले गेले. बुधाजी पुढे तीस वर्षे जगला. दर सुगीला आवडीच्या अंगणात भाताची मोट ठेवायचा आणि ती दार उघडण्याआधी निघून जायचा. ती दाराआड उभी असायची. पण तिने त्याला कधी हाक मारली नाही.