बोरीखालचा डबा

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती, तर हिच्यात अमावस्या असती, कुत्री रडली असती. इथं तसलं काही नाही. यंदाचा मे महिना, भर दुपार आणि अमरावती-अकोला रस्ता. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दुपारी भूतसुद्धा सावली सोडत नाही, असं चंद्रभान मास्तर म्हणायचे.

आता म्हणत नाहीत.

मास्तर त्या दिवशी मुलाची गाडी विकायला अकोल्याला निघाले होते. नितेश ती भाड्यानं चालवायचा. जानेवारीत, बोरांच्या दिवसांत, मूर्तिजापूरच्या अलीकडं आडवाटेला गाडी लावून तो जेवायला उतरला. गिट्टीचा ट्रक मागं सरकत आला...

गाडीला ओरखडासुद्धा नाही. डबा सीटवर होता, तसाच घरी आला. झाकणही उघडलेलं नव्हतं.

तेव्हापासून त्याच्या आईचं, पार्वताबाईंचं, एकच वाक्य. "पोरगं उपाशी गेलं माह्यं."

नितेशची एक खोड होती. रिकामं भांडं परत देऊ नये, हे आईनंच त्याला लहानपणी शिकवलेलं. म्हणून रोजच्या डब्यातही काहीतरी घालून आणायचा. कधी चिंच, कधी आवळा.

गाडी घेणारा भगवंत हा त्याचाच दोस्त. फोनवर म्हणाला होता, "काका, ते रस्ता दाखवायचं यंत्र चालते का पाहून घ्या. गाडीसंगं तेबी घेतो."

यंत्र स्वस्तातलं. खेड्यात मोबाइलला रेंज नसते म्हणून नितेशनं घेतलेलं. स्क्रीन पापडाएवढा. आतली बाई हिंदीतून बोलायची.

मास्तरांनी जन्मभर पेपर तपासले. ते लगेच मार्क द्यायला लागले.

"बडनेरा आलं तवा हिले उपग्रह सापडला. दहापैकी तीन. आवाज म्हनशीन तर सर्दी झाल्यावानी. चार."

"नापास नोका करू तिले," शेजारून पार्वताबाई म्हणाल्या. "माह्यं आयकत नव्हता. पन या बाईचं आयकत होता तो."

त्यांच्या मांडीवर नितेशचा डबा होता. ज्वारीची भाकर, ठेचा.

कोणासाठी आणला, ते मास्तरांनी विचारलं नाही.

मूर्तिजापूर जवळ आलं आणि रस्ता एकाएकी गप्प झाला. ट्रक नाहीत. हॉर्न नाही. गाडीच्या एसीची घरघरही ऐकू येईना...

"आगे बाएँ मुड़िए."

डावीकडं मातीची वाट होती. अकोला सरळ.

"चुकली. शून्य," म्हणत मास्तरांनी गाडी पुढं काढली.

"वापस मुड़िए."

मास्तरांनी बटण दाबून यंत्र बंद केलं. काच काळी झाली.

आणि त्या काळ्या काचेतून...

"वापस मुड़िए."

मास्तरांनी ब्रेक दाबला. बाहेर आग ओकणारं ऊन.

"अवो, वळवा न," पार्वताबाई हळूच म्हणाल्या. "तो वळत होता. तुमीबी वळा."

ती जागा मास्तरांनी पाहिली नव्हती. पाहायची हिंमतच झाली नव्हती.

त्यांनी गाडी वळवली.

वाटेच्या टोकाला एक बोर होती. मे महिन्यात बोरीला पान नसतं. नुसता काट्यांचा सांगाडा.

"आप पहुँच गए हैं."

पार्वताबाई उतरल्या. डबा झाडाखाली ठेवला. "खाय बाप्पा. सावकाश खाय."

घास ठेवल्यावर मागं वळून पाहायचं नसतं. मास्तरांनी गाडी उलटी फिरवून लावली आणि दोघं झाडाकडं पाठ करून आत बसली. कावळा नाही, वाऱ्याची झुळूक नाही.

मग...

टिक्.

स्टीलचं झाकण उघडल्याचा आवाज.

मास्तरांनी बायकोचा हात धरला. कॉलेजातल्या पोरांसारखा, घट्ट. बराच वेळ काहीच नाही. मग झाकण लागल्याचा आवाज आला.

पार्वताबाईंनी जाऊन डबा उचलला. झाकण घट्ट होतं. त्यांनी तो उघडला नाही. पदराखाली धरला.

अकोल्यात भगवंतानं गाडी पाहिली, यंत्र हातात घेतलं.

"काका, याची वायर?"

"घरीच राह्यली वाटते. पन चाललं न बे रस्ताभर. बोलून राह्यली होती ते बाई."

"कसं चालन? बॅटरी फुगली म्हनून नितेशनंच काढून फेकली होती, माह्यासमोर. वायरीबिगर हे सुरूच होत नाही."

त्यानं यंत्र उलटं केलं. मागचं झाकण काढलं.

आत रिकामा खड्डा.

मास्तरांनी गाडी दिली. यंत्र दिलं नाही. नवराबायको एसटीनं परतली.

घरी चुलीपुढं बसून पार्वताबाईंनी डबा उघडला.

भाकर नव्हती. ठेचा नव्हता.

मूठभर बोरं होती. ऐन मे महिन्यात. टपोरी, ताजी, देठाला हिरवी पानं...

"जेवला," पार्वताबाई म्हणाल्या.

आणि जानेवारीपासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी ताट वाढून घेतलं.

यंत्र आता मास्तरांच्या कपाटात आहे. त्याला किती मार्क द्यावेत, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. दुपारी कपाटाजवळून जाताना ते पावलांचा आवाज होऊ देत नाहीत.

ती बाई पुन्हा बोलेल, याची भीती वाटते म्हणून...

की पुन्हा कधीच बोलणार नाही, याची?

तेही त्यांना सांगता येत नाही.